न दिसलेला गोळा

बातमी आली तेव्हा मी सदरमधल्या चष्म्याच्या दुकानात होतो. दुकानदाराने तपासणीची ती जड चौकट माझ्या नाकावर चढवली होती आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली होती. फोन वाजला. मुलीचा होता. "बाबा, मामाजी गेले," ती म्हणाली. मी मठ्ठासारखं विचारलं, "कुठे?" पलीकडून फक्त श्वास ऐकू आला... आणि मग मला कळलं. तशीच चौकट नाकावर घेऊन मी रस्त्यावर आलो. दुकानदार मागे धावला, "सर, चष्मा!" म्हणाला. बावन्न मुलांच्या वर्गाला तीस वर्षं भूगोल शिकवलेला मी, त्या क्षणी मला कोराडी रोड कोणत्या दिशेला ते सुचेना.

सुभेदार माणिकराव भोयर माझे इवाई. पुण्याकडे ज्याला व्याही म्हणतात त्याला आम्ही नागपुरात इवाई म्हणतो. माझी प्राजक्ता त्यांची सून, सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. साठी गाठायला चार महिने होते त्यांना. सकाळी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. दीड महिना झाला. या पुरवणीच्या संपादकांनी "काही लिहा" म्हटलं तेव्हा मी आधी नकार दिला होता. मृत माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे आणि मला गोड जमत नाही, हे माझ्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट मला कुठेतरी कबूल करायची आहे, आणि ती त्यांच्यासमोर करायची वेळ मी घालवली.

पोरांनी लग्न आपापलं ठरवलं होतं. आम्ही म्हातारे फक्त एकमेकांची तोंडं बघायला भेटलो. माणिकराव आमच्याकडे आले ते कडक इस्त्रीचा सदरा घालून, आणि सोफ्यावर पाठ न टेकता बसले. मी विचारलं, चहात साखर किती? "साखर एक चमचा," ते म्हणाले. मी आत सांगितलं, "एक चमचा." ते मान डोलावून खणखणीत म्हणाले, "एक चमचा!" सगळे हसले. मग कळलं की ही त्यांची फौजेतली सवय. तोफखान्यात वरून हुकूम आला की तोफेवरचा माणूस तो मोठ्याने परत म्हणतो. परत म्हटला नाही तर हुकूम आलाच नाही असं धरायचं. लग्नात त्यांनी आचाऱ्यालाही याच शिस्तीत बसवलं. "पाटवडी साडेबाराले!" असं ते ओरडायचे आणि तो बिचारा कढईवरून "साडेबाराले!" असं ओरडायचा. वऱ्हाडी हसून हसून बेजार. मला मात्र हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला, कारण वर्गात मी हेच करायला सांगायचो आणि एकाही मुलाने कधी केलं नव्हतं.

त्यांचं घर कोराडी रोडला, गच्चीवरून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. रविवारी मी तिकडे जायचो. आमचं पहिलं भांडण वर्तुळावरून झालं. वर्तुळाचे अंश तीनशे साठ, हे मी आयुष्यभर शिकवलं. हे गृहस्थ म्हणाले, "तुमचं असंल सर. आमच्याकडं चौसष्टशे." तोफखान्यात कोन 'मिल'मध्ये मोजतात, एका वर्तुळात चौसष्टशे मिल. का, तर एक किलोमीटरवर एक मिल चुकलं की साधारण एक मीटर चुकतं, हिशोब सोपा. हात लांब करून तीन बोटं धरली की शंभर मिल, मूठ धरली की एकशे ऐंशी. ते गच्चीवरून चिमण्यांवर बोटं धरून मला दाखवायचे. मी घरी येऊन फूटपट्टीने पडताळलं. बरोबर होतं. पुढच्या रविवारी ते मान्य करायला मला फार जड गेलं.

दोन-तीन वर्षांपासून दूरदेशीच्या त्या युद्धाच्या बातम्या रोज टीव्हीवर असतात. एका रविवारी जावई म्हणाला, "बाबा, तोफांचा जमाना गेला. आता सगळं ड्रोन करते." माणिकरावांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "ड्रोन डोळा आहे बेटा," ते म्हणाले. "डोळ्यानं दिसते, मार हातानंच द्या लागते. आधी आमचा साहेब डोंगरावर बसून दुर्बिणीनं पाहे, आता वरून ड्रोन पाहते. बस, एवढाच फरक. खंदकातला माणूस आजही तोफेच्याच भीतीनं खाली मुंडकं घालून बसते." मग त्यांनी मला समजावून सांगितलं, चहाचे कप टेबलावर मांडून. पायदळ चढतं तेव्हा त्याच्या पुढे पुढे गोळे पडत राहतात. समोरचा मेला की नाही हे नंतरचं, त्याने डोकं वर काढू नये हे पहिलं. गोळे थांबले आणि जवान पोचला यांत मिनिटाचंही अंतर पडलं तर समोरची मशीनगन सुरू होते. आता आणखी एक झालंय म्हणाले, आपला गोळा उडाला की शत्रूचं रडार त्याची वाट उलटी मोजून आपली जागा काढतं. म्हणून मारा आणि पळा. आणि दोन्ही बाजू कशासाठी तरसताहेत? गोळ्यांसाठी. कारखाने पुरे पडत नाहीत. 

मी तेव्हा काय बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, "पण तुमचं बरं आहे माणिकराव. कोसावरून मारायचं आणि कुणाला लागलं ते बघायलाही जायचं नाही." मला चर्चेत शेवटचा शब्द आपला असावा असं वाटतं, दुसरं काही नाही. माणिकराव उठले. कप उचलून आत गेले आणि बराच वेळ नळाखाली धूत बसले. सुमनताई, म्हणजे माणिकरावांच्या पत्नी, आमच्या ईहीणबाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, फोडता का कप?"

त्यानंतर महिनाभराने कामठीला एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो. तिथे पायदळातून निवृत्त झालेला एक धिप्पाड माणूस भेटला. कारगिलच्या वेळी कोण कुठे होता अशा गप्पा निघाल्या आणि दोघांचा डोंगर एकच निघाला. एक वर चढत होता, दुसरा खालच्या दरीतून त्याच्या डोक्यावरून गोळे टाकत होता. तो माणूस उठला आणि भर मांडवात त्याने माणिकरावांना मिठी मारली. "तुमच्या गोळ्याच्या मांगं मांगं चाललो मी," तो म्हणाला. "पन्नास मीटर पुढं फुटे, आम्ही पन्नास मीटर सरकत जाऊ. तुम्ही चुकले असते तं मी इथं मठ्ठा पीत नसतो." त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, उगाच नाही सांगत. माणिकराव त्याच्या पाठीवर थोपटत होते, पण त्यांचा चेहरा मी पाहिला. शाळेत दुसऱ्याच्या पेपरावर शाबासकी मिळालेल्या मुलाचा चेहरा तसा होतो.

परत आल्यावर ऊन उतरलं होतं. गच्चीवर खुर्च्या टाकून बसलो. ते म्हणाले, "सर, एक चुकला होता."

मग त्यांनी सांगितलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, असं म्हणाले, सुमनताईंनाही माहीत नव्हतं. तेव्हा ते हवालदार होते आणि एका तोफेचे नंबर वन, म्हणजे त्या तोफेचे मुख्य. एक जवान तोफेच्या दुर्बिणीवर कोनाचा आकडा लावतो आणि नंबर वनने वाकून, स्वतःच्या डोळ्याने तो आकडा वाचून मगच 'ठीक' म्हणायचं. दोन दिवस झोप नव्हती. भर दुपार, दगड तापलेले. पोराने आकडा लावला, "रेडी, उस्ताद" म्हणाला, आणि माणिकराव उभ्या उभ्याच "ठीक" म्हणाले. वाकले नाहीत. गोळा गेला. पाऊण मिनिटाने डोंगरावरच्या साहेबाचा आवाज आला, "गोला नहीं दिखा." तेव्हा ते वाकले. शेकड्याचा आकडा एकाने जास्त लागला होता. तोफखान्यातली ही जुनी, ठरलेली चूक आहे म्हणे, शंभर मिलची. शिकवतानाच तिची भीती घालतात.

त्यांनी हात लांब करून चिमण्यांवर तीन बोटं धरली. "एवढं, सर. चौदा किलोमीटरवर एवढं म्हणजे चौदाशे मीटर."

आकडा दुरुस्त केला, पुढचे सगळे गोळे जागेवर पडले. त्यांनी चूक आपल्या साहेबाला सांगितली. साहेब म्हणाले, "लिख लिया. आगे देखो." कुणी रागावलं नाही, शिक्षा नाही, पुढे बढतीही मिळाली. "पण तो पडला कुठं?" माणिकराव म्हणाले. "जमिनीवरच पडला ना? आभाळात तं नाही राहिला." मी म्हटलं, गावं तेव्हा रिकामी केली होती ना? "गावं केली होती. पण मेंढ्या घेऊन वरतं गेलेला माणूस कोणाले सांगून जाते?"

आता येतो त्यांच्या मागणीवर. त्यांना आकडे तोंडपाठ होते. तोफ कुठे उभी होती ते वळण, कोन, तोफेची चढण, आणि त्या चढणीवर किती अंतर जातं तो तक्ता. ते आकडे मी इथे देत नाही, त्यांना आवडलं नसतं. ते म्हणाले, "मी कागदावर जागा काढली आहे. तुम्ही वेगळी काढा. माहा कागद तुम्ही पाहाचा नाही, तुमचा मी नाही. मग जुळवू. फौजेत असंच करतात, दोघं वेगवेगळे हिशोब करतात, जुळला तरच खरा." मी विचारलं, तुम्ही ती जागा संगणकावर पाहिली नाही का? हल्ली आकाशातून घेतलेली चित्रं घरबसल्या दिसतात. त्यांनी मान हलवली. "तोफवाला पाहत नाही, सर. पाहणारा वेगळा असते. तुम्ही पाहा अन् मले सांगा."

मी हो म्हणालो. मला त्या कामाचा थोडा आनंदच झाला होता, हे खोटं कशाला बोलू. निवृत्त मास्तराला कुणी नकाशा काढायला सांगत नाही. चौसष्टशेचे तीनशे साठ केले, उंचसखल भागासाठी दुरुस्ती केली, दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ती जागा संगणकाच्या पडद्यावर उघडली. एक अरुंद ओढा, दोन्ही बाजूंना बर्फाचे पट्टे, आणि ओढ्याकाठी दगडी भिंतींचे चौकोन. पाच की सहा. एकावरही छप्पर नव्हतं. एका भिंतीचा कोपरा ढासळलेला होता... मी संगणक बंद केला. अक्षरशः झाकण आपटलं.

आणि मग मी कागदावर दुसरी जागा लिहिली. ओढ्यापासून सातशे मीटर वर, उघड्या कातळाच्या उतारावर, जिथे गवताचं पातंही नाही. ज्याने उत्तरपत्रिकेत अर्ध्या सेंटीमीटरवरून नदी चुकली म्हणून मार्क कापले, त्याने हे केलं. कारण मला त्या माणसाचा लग्नमांडवातला चेहरा आठवत होता. एवढंच कारण.

रविवारी कागद दिला. माणिकरावांनी खिशातून चष्मा काढून माझे आकडे वाचले, दोनदा वाचले. "कातळ आहे नुसता," मी म्हणालो. "माणूस सोडा, बकरी उभी राहणार नाही." त्यांनी आपला कागद काढलाच नाही. मी विचारलं, "जुळवायचं ना?" ते म्हणाले, "काय जुळवाचं आता. तुम्ही पाहून आले ना, झालं." त्यांनी माझा हात हातात घेतला. ते असं कधी करत नसत, नमस्काराचे माणूस होते. मग सुमनताईंना हाक मारून म्हणाले, "वं, सरांले जेवूनच पाठवजो आज." मी मनात म्हटलं, सुटलो. जेवलोही पोटभर.

त्यानंतर सात-आठ महिने गेले. आम्ही नेहमीसारखे भेटत होतो, भांडत होतो. त्या गोष्टीचं नाव दोघांनी काढलं नाही. मला वाटलं, मी त्यांचं ओझं उतरवलं.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. सुमनताई माझ्यासमोर येऊन बसल्या. रडून रडून आवाज बसला होता त्यांचा. म्हणाल्या, "भाऊ, त्या गोळ्याचं मले त्यांनी सांगितलं होतं. तुम्ही जेवून गेले ना, त्या दिवशी." पुढे म्हणाल्या, "हासले आधी. म्हणे, सर माह्यासाठी खोटं बोलले. पोराईचे मार्क कापणारा माणूस, माह्यासाठी खोटं बोलला. लय कौतुक वाटलं त्यांले तुमचं." त्या पदराने तोंड पुसत थांबल्या. "मंग रडले. मी विचारलं, काहून? तं म्हणे, सरांले तिथं काहीतरी दिसलं असंल. नुसता दगड असता तं सर खोटं कायले बोलले असते?"

तेव्हा मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. इतकं साधं मला सुचलं नव्हतं. त्यांची जागा त्यांच्या खिशात होती, अचूक, आणि माझी सातशे मीटर दूर. हिशोब जुळवायची पद्धत ज्याने मला शिकवली त्यालाच मी चुकीचा हिशोब दिला होता. मला वाटलं होतं मी दार लावून घेतो आहे, आणि मी त्यांना सांगत होतो की आत प्रेत आहे. सात-आठ महिने तो माणूस माझ्यासमोर बसून चहा प्याला आणि एका शब्दाने बोलला नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

घरी येऊन मी संगणक उघडला. या वेळी झाकण आपटलं नाही. खरी जागा काढली, त्या भिंती पुन्हा आल्या. आणि मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तिथे एकाच जागेची वेगवेगळ्या महिन्यांतली, वेगवेगळ्या वर्षांतली चित्रं साठवलेली असतात. पहिलं चित्र होतं वसंतातलं, बर्फ वितळतानाचं. मी उन्हाळ्यातलं उघडलं. त्याच भिंती, पण चारांवर छप्पर. एकावर निळी ताडपत्री. ओढ्याकाठी हिरवा पट्टा, आणि मोठ्या चौकोनात पांढरे ठिपके, एकमेकांना चिकटून. मेंढ्या. दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा उघडला, पुन्हा छप्पर, पुन्हा ठिपके. त्याआधीच्या वर्षीही. डोंगरातले मेंढपाळ उन्हाळ्यात वर जातात, हिवाळ्यापूर्वी छपराचं सामान काढून खाली उतरतात, मागे नुसत्या भिंती उरतात. याला हंगामी स्थलांतर म्हणतात. नववीच्या वर्गाला मी हे तीस वर्षं शिकवलं. "घरं रिकामी म्हणजे माणसं गेली असं नव्हे," हे वाक्य मी फळ्यावर लिहायचो आणि परीक्षेत विचारायचो.

यावरून त्या दुपारचं काहीच सिद्ध होत नाही, हे मला कळतं. गोळा पडला तेव्हा तिथे कुणी होतं की नव्हतं, ते ही चित्रं सांगत नाहीत. ढासळलेला तो कोपरा कशाने ढासळला तेही नाही. पण तिथे माणसं येतात. दरवर्षी येतात, ताडपत्री बांधतात, मेंढ्या कोंडतात. एवढं जरी त्यांना दाखवता आलं असतं... मला ते पाहायला सांगितलं होतं आणि मी पाहिलं नाही. मी घाबरलो, आणि त्या घाबरण्याला माया समजलो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन कोराडी रोडला गेलो. सुमनताईंसमोर ठेवला. त्यांनी पदराने बोट पुसून पडद्याला लावलं. "हे पांढरं काय आहे, भाऊ?"

"मेंढ्या आहेत, ताई."

"म्हणजे लोक राहतात तिथं?"

"उन्हाळ्यात येतात. दरवर्षी."

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आधी काहून नाही पाहिलं जी?" रागाने नाही, खरंच विचारत होत्या. 

आता रविवारी मी जातो तेव्हा चहा होतो, प्राजक्ता तिच्या ऑफिसचं काहीबाही सांगते, आणि मग सुमनताई लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणतात, "उघडा ना भाऊ." मी तो ओढा उघडतो. त्या चष्मा लावून, खुर्ची ओढून, नीट बसून पाहतात. मागच्या रविवारी मी त्यांना समजावलं की हे चित्र जुनं आहे, थिजलेलं आहे, दर आठवड्याला उघडलं तरी त्यात नवीन काही दिसणार नाही.

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. नजर पडद्यावरून काढली नाही. "त्यांनी नाही पाहिलं ना. म्हणून मी पाहून राहिली."